सुरवंटाची घटका ओळखणारा शास्त्रज्ञ : स्तेफान कोपेच

श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत फर्दापूरच्या शिवारातून जो कोणी डोळे उघडे ठेवून चालेल, त्यास अळी दिसल्यावाचून राहणार नाही. अजिंठ्याच्या घाटाखाली वाघूर नदीच्या आजूबाजूस पसरलेल्या कपाशीत बोंडअळी असते. मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी दडलेली असते. आणि बांधावरच्या रुईवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा व पिवळ्या ठिपक्यांचा सुरवंट स्वस्थपणे पाने कुरतडीत असतो. शेतकऱ्यास ह्या प्राण्याचा राग येतो आणि तो साहजिकही आहे. इसवी सन २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात व विदर्भात कपाशीची जी धूळधाण केली ती अद्याप पुष्कळ घरांतून विसरली गेलेली नाही. परंतु हा राग क्षणभर बाजूस ठेवून आपण त्या अळीकडे पाहू लागलो, तर एक विलक्षण प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

अळी जन्मल्यापासून खात सुटते. अंगावरची कातडी अपुरी पडू लागली म्हणजे ती कात टाकते व पुन्हा खावयास लागते. असे चार-पाच वेळा झाल्यावर एके दिवशी ती खाणे एकदम थांबविते, आडोसा शोधते, आणि पाहता पाहता तिचा कोश बनतो. त्या कोशातून पुढे पंख असलेला, अगदी निराळ्या रूपाचा जीव बाहेर पडतो. आता खाणे पुरे झाले, आता रूप पालटावयाचे, ही घटका त्या मुक्या प्राण्यास कोण सांगते? तिच्याजवळ पंचांग नाही, घड्याळ नाही, शिकविणारी आईदेखील नाही. कारण अंडी घालून आई केव्हाच निघून गेलेली असते.

ह्या प्रश्नाचे पहिले खरे उत्तर ज्या गृहस्थाने शोधून काढिले त्याचे नाव स्तेफान कोपेच. कीटकशास्त्राच्या प्रत्येक मोठ्या ग्रंथात हे नाव आदराने घेतले जाते. परंतु शाळेच्या पुस्तकांतून ते क्वचितच आढळते. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

कोपेच ह्यांचा जन्म इसवी सन १८८८ मध्ये पोलंडमधील वॉर्सा शहरी झाला. पोलंड असे आपण सहज म्हणतो; परंतु त्या काळी पोलंड नावाचे राज्य नकाशावर नव्हतेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्या तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी तो देश आपसांत वाटून घेतला होता. वॉर्सा शहर रशियाच्या झारच्या अमलाखाली होते, आणि तेथील सरकारी शाळांतून पोलिश मुलांस रशियन भाषेत शिकावे लागे. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील क्राकूव शहरात मात्र पुरातन यागेलोनियन विद्यापीठ पोलिश भाषेत विद्यादान करीत होते. साहजिकच ज्ञानाची आवड असलेल्या अनेक पोलिश तरुणांची पावले क्राकूवकडे वळत. कोपेच ह्यांची प्रथमची संशोधने ह्याच शहरी झाली. ज्याचा देश परक्यांच्या हाती आहे अशा तरुणास विद्येच्या क्षेत्रात आपल्या लोकांचे नाव राखण्याची किती तळमळ असेल, हे आपल्या देशाचा इतिहास जाणणाऱ्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

विशीत असतानाच कोपेच ह्यांनी कीटकांवर अतिशय नाजूक शस्त्रक्रिया करण्याची हातोटी साधली होती. त्यांनी निवडलेला प्राणी म्हणजे युरोपातील ओक वृक्षांची पाने फस्त करणारा एक केसाळ सुरवंट होय. शास्त्रज्ञ त्यास लायमँट्रिया डिस्पार म्हणतात. ह्या जातीच्या पतंगांत नर लहान व करड्या रंगाचा, तर मादी मोठी व पांढुरकी असते, म्हणजे दोहोंतील भेद एका दृष्टिक्षेपात कळतो. कोंबडा किंवा बैल ह्यांसारख्या प्राण्यांत नर-मादीचे बाह्य भेद त्यांच्या प्रजोत्पादक ग्रंथींच्या स्रावावर अवलंबून असतात हे तोपर्यंत कळून चुकले होते. पतंगांतही तसेच असेल काय, हे पाहण्यासाठी कोपेच ह्यांनी सुरवंटाच्या शरीरातून त्या ग्रंथी काढून टाकिल्या. इतकेच नव्हे तर नराच्या ग्रंथी मादीत व मादीच्या नरात बसवून पाहिल्या. तरीही नराचा नरच झाला आणि मादीची मादीच झाली. तेव्हा कीटकांची शरीरव्यवस्था आपल्याहून काही बाबतींत निराळी असली पाहिजे, हे स्पष्ट झाले. ही संशोधने इसवी सन १९०८ ते १९१२ च्या सुमारास प्रसिद्ध झाली.

येथे त्या काळच्या ज्ञानाची स्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. शरीरातील एक भाग दुसऱ्या भागास दोन मार्गांनी निरोप पाठवितो. पहिला मार्ग मज्जातंतूंचा. काटा बोचताच पाय मागे घेतला जातो तो ह्या मार्गाने. दुसरा मार्ग रक्ताचा. एखादी ग्रंथी रक्तात सूक्ष्म द्रव्य सोडते, ते वाहत वाहत दूरच्या अवयवापर्यंत पोहोचते आणि त्यास कामास लाविते. बेलिस व स्टार्लिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये अशा एका द्रव्याचा शोध लाविला, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग ह्यांनी अशा द्रव्यांस हार्मोन हे नाव दिले. आपण त्यास संप्रेरक म्हणतो. मात्र मेंदूचे काम मज्जातंतूंचे आणि संप्रेरकांचे काम ग्रंथींचे, अशी स्वच्छ वाटणी विद्वानांनी मनाशी करून टाकिली होती. मेंदू हाच एखाद्या ग्रंथीसारखा रक्तात द्रव्य सोडील, ही कल्पना कोणाच्या स्वप्नातही नव्हती. शिवाय कीटकांस संप्रेरके असतात की नाहीत, हेच मुळी ठाऊक नव्हते.

अशा वेळी कोपेच ह्यांनी कात टाकण्याच्या व कोश बनण्याच्या प्रश्नास हात घातला. त्यांची युक्ती इतकी साधी होती की ती ऐकून हे आपल्यालाही सुचले असते, असे कोणासही वाटावे. त्यांनी शेवटची कात टाकलेला सुरवंट घेतला आणि त्याच्या शरीराच्या मध्यभागी दोरा घट्ट आवळून बांधला. असे केले म्हणजे पुढच्या भागातील रक्त मागच्या भागात जाऊ शकत नाही. कीटकांस रक्तवाहिन्यांचे जाळे नसते. त्यांचे रक्त शरीराच्या पोकळीत मोकळेपणे फिरते. म्हणून एक दोरा म्हणजे जणू ओढ्यास घातलेला बांधच होय.

आता काय झाले ते लक्षपूर्वक पाहा. शेवटच्या कातीनंतर एका आठवड्याच्या सुमारास दोरा बांधला तर सुरवंटाच्या पुढच्या अर्ध्या भागाचा कोश बनला, आणि मागचा अर्धा भाग तसाच केसाळ सुरवंट राहिला. एकाच प्राण्याचा अर्धा देह पुढच्या वयात गेला व अर्धा बालपणीच थांबला! परंतु तोच दोरा दहाव्या दिवसानंतर बांधला, तर दोन्ही भाग कोशरूप झाले. ह्यावरून इतके निश्चित झाले की, पुढच्या भागातून मागच्या भागास काहीतरी निरोप जातो, आणि तो दहाव्या दिवसाच्या सुमारास पोहोचलेला असतो. निरोप पोहोचल्यावर वाट अडविली तरी उपयोग नाही. पोहोचण्यापूर्वी अडविली तर मागचा भाग अजाण राहतो.

पण हा निरोप मज्जारज्जूतून जातो की रक्तातून? कारण दोऱ्याने दोन्ही वाटा आवळल्या जातात. कोपेच ह्यांनी दुसरा प्रयोग केला. त्यांनी दोरा न बांधता केवळ मज्जारज्जू कापला व रक्ताची वाट मोकळी ठेविली. तेव्हा दोन्ही भागांचे कोश झाले. म्हणजे निरोप मज्जारज्जूतून नव्हे, तर रक्तातून जात होता. आता शेवटचा प्रश्न राहिला : तो पाठवितो कोण? त्यांनी सुरवंटाच्या डोक्यास बारीक छेद घेऊन मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा मेंदू अलगद काढून घेतला. मेंदू नसलेला सुरवंट मरेल असे वाटावे, परंतु तो पुष्कळ दिवस जगतो. दहाव्या दिवसापूर्वी मेंदू काढलेले सुरवंट जगले, पण त्यांचा कोश कधीच झाला नाही. दहाव्या दिवसानंतर मेंदू काढलेल्या सुरवंटांचे कोश मात्र यथाकाल झाले. उत्तर मिळाले. सुरवंटाचा मेंदू ठराविक दिवशी रक्तात एक द्रव्य सोडतो, आणि त्या द्रव्याच्या योगाने सारे शरीर रूप पालटावयास सज्ज होते.

दोरा, धारदार सुरी, स्थिर हात, दिवसांची काटेकोर नोंद आणि प्रत्येक पायरीवर स्वतःच स्वतःस विचारलेला प्रश्न, एवढ्या सामग्रीवर हा शोध लागला. मेंदू हा ग्रंथीचेही काम करतो, ह्याचा प्राणिसृष्टीतील हा पहिला प्रायोगिक पुरावा होय. तो १९१७ मध्ये क्राकूवच्या विज्ञान-परिषदेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्या वेळी पहिले महायुद्ध भडकलेले होते आणि पोलंडच्या भूमीवरून सैन्ये पुढे-मागे जात होती. अशा धामधुमीत सुरवंटाच्या मेंदूकडे कोण लक्ष देणार? पाच वर्षांनी, १९२२ मध्ये, कोपेच ह्यांनी आपले प्रयोग अमेरिकेतील एका नामांकित जीवशास्त्रीय मासिकात इंग्रजी भाषेत सविस्तर प्रसिद्ध केले. तरीही विद्वानांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. जुनी वाटणी लोकांच्या मनात फार घट्ट बसली होती, आणि एकट्या माणसाने ती मोडावी हे पुष्कळांस रुचत नव्हते.

दरम्यान १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्रास शेती सुधारावयाची होती. विस्ला नदीच्या काठी पुवावी ह्या गावी शेतकी संशोधनाची सरकारी संस्था होती. तेथे कोपेच काम करू लागले. येथे त्यांनी केवळ कीटकांचाच अभ्यास केला असे नाही. नवजात सशांचे वजन पित्याकडून व मातेकडून कसे उतरते, ह्यासारखे आनुवंशिकतेचे प्रश्नही त्यांनी हाताळले. अळ्यांस व फळमाशांस मधून मधून उपाशी ठेविले असता त्यांच्या वाढीवर व आयुष्यावर काय परिणाम होतो, ह्याविषयीचे त्यांचे निबंध १९२४ व १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. उपवास व आयुर्मर्यादा ह्यांच्या संबंधाची जी चर्चा आज जगभर चालते, तिच्या आरंभीच्या अभ्यासांत ह्या निबंधांची गणना होते. पुढे कोपेच वॉर्सा विद्यापीठात प्राध्यापक झाले. आपल्या जन्मगावी, आपल्या भाषेत, स्वतंत्र राष्ट्राच्या विद्यार्थ्यांस शिकविण्याचे भाग्य त्यांस लाभले.

हे भाग्य फार दिवस टिकले नाही. १९३९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि त्या महिन्याच्या अखेरीस वॉर्सा शहर पडले. विजेत्यांचा बेत केवळ मुलूख घेण्याचा नव्हता. पोलिश राष्ट्राची बुद्धीच खुडून टाकण्याचा होता. विद्यापीठे बंद करण्यात आली. नोव्हेंबर महिन्यात क्राकूवच्या प्राध्यापकांस व्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र बोलावून एकदम कैद केले गेले. शिक्षक, वकील, लेखक, धर्मगुरू ह्यांस वेचून वेचून पकडले जात होते. वॉर्साच्या वायव्येस पाल्मिरी नावाच्या गावाजवळ दाट जंगल आहे. तेथे कैद्यांस गाड्यांतून नेत, आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यांच्या काठी उभे करीत व गोळ्या घालीत.

१९४१ च्या मार्च महिन्याच्या सातव्या तारखेस जर्मनांशी हातमिळवणी करणारा इगो सिम नावाचा एक नट पोलिश गुप्त संघटनेच्या माणसांनी वॉर्सा येथे ठार केला. जर्मन अधिकाऱ्यांनी शहरातील प्रतिष्ठित लोकांस ओलीस धरले. खरे मारेकरी काही हाती लागले नाहीत. तेव्हा चार दिवसांनी, ११ मार्च रोजी, एकवीस कैद्यांस पाल्मिरीच्या जंगलात नेऊन ठार मारण्यात आले. त्यांत दोघे प्राध्यापक होते. एक इतिहासकार काझिमिएझ झाक्शेव्स्की आणि दुसरे स्तेफान कोपेच. त्या नटाच्या वधाशी ह्या दोन विद्वानांचा काडीमात्र संबंध नव्हता. आयुष्यभर सुरवंटांच्या दिवसांची गणती करणाऱ्या ह्या माणसास मृत्यू आला तेव्हा त्याने नुकतीच पन्नाशी ओलांडली होती.

पाल्मिरीच्या वनरक्षकांनी व वनमजुरांनी जिवावर उदार होऊन त्या खड्ड्यांच्या जागांवर गुप्त खुणा करून ठेविल्या होत्या. म्हणूनच युद्ध संपल्यावर ती ठिकाणे सापडली व मृतांस सन्मानाने पुरण्यात आले. त्या ठिकाणी आज मोठे स्मशान व स्मारक आहे.

फर्दापूरच्या रहिवाशांस मेजर रॉबर्ट गिल हे नाव परिचित आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामी हा इंग्रज चित्रकार वर्षानुवर्षे ह्या परिसरात राहिला. त्याने विलायतेस पाठविलेल्या मोठ्या चित्रांपैकी बहुतेक सारी १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाली. जळलेले चित्र त्याच रेषांनी व त्याच रंगांनी पुन्हा उभे राहात नाही. परंतु शास्त्रीय प्रयोगाची गोष्ट निराळी आहे. प्रयोगकर्त्याने काय केले, कोणत्या दिवशी केले, काय दिसले, हे सारे स्वच्छ लिहून ठेविले असेल, तर त्यास ठार मारूनही प्रयोग मरत नाही. जगाच्या दुसऱ्या टोकास कोणीही तो दोरा पुन्हा बांधू शकतो. कोपेच ह्यांच्या बाबतीत असेच झाले.

इंग्लंडात विगल्सवर्थ नावाचे शास्त्रज्ञ १९३४ पासून एका रक्तशोषक ढेकणावर प्रयोग करीत होते. कात टाकण्याचा निरोप रक्तातून जातो आणि तो मेंदूतील काही विशिष्ट पेशींतून निघतो, हे त्यांनीही दाखविले. जपानात फुकुदा ह्यांनी १९४० मध्ये रेशमाच्या किड्याच्या छातीत एक ग्रंथी असून तीही ह्या कामी आवश्यक आहे असे सिद्ध केले. अमेरिकेत कॅरोल विल्यम्स ह्यांनी १९४७ मध्ये ह्या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. मेंदूचे द्रव्य छातीच्या ग्रंथीस जागे करते, आणि ती ग्रंथी दुसरे द्रव्य सोडते. कात टाकावयास लावते ते हे दुसरे द्रव्य. अशा रीतीने कोपेच ह्यांचे म्हणणे पक्के झाले आणि त्यात जी एक कडी अज्ञात होती तीही सापडली. पुढे मनुष्याच्या मेंदूतही संप्रेरके बनतात असे आढळले, आणि त्या शोधाबद्दल गियमँ व शाली ह्यांस १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

कात टाकविणारे द्रव्य प्रत्यक्ष हाती यावे म्हणून जर्मनीत बुटेनांट व कार्लसन ह्या रसायनशास्त्रज्ञांनी केवढे परिश्रम केले पाहा. १९५४ मध्ये त्यांनी पाचशे किलोग्रॅम रेशीमकिड्यांच्या कोशावस्थेतील देहांपासून अवघे पंचवीस मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य मिळविले. पाच क्विंटल मालातून चिमूटभरही नाही! ह्या द्रव्यास एक्डायसोन म्हणतात. १९६० मध्ये क्लेव्हर व कार्लसन ह्यांनी ते द्रव्य डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीच्या अळीस टोचले, तेव्हा थोड्याच वेळात तिच्या गुणसूत्रांवर ठराविक जागी फुगवटे आले. अर्थ असा की, ते संप्रेरक थेट जनुकांच्या दारी जाऊन त्यांस कामास लावीत होते.

जनुक म्हणजे काय हे आमच्या लहान वाचकांसाठी थोडे सांगतो. प्रत्येक पेशीत शरीर घडविण्याच्या सूचनांचे एक मोठे बाड असते; त्यातील एकेक सूचना म्हणजे एकेक जनुक. सुरवंटाच्या पेशीत पंखांच्या सूचनाही असतातच, पण त्या मिटलेल्या असतात. एक्डायसोन आले म्हणजे त्या उघडल्या जातात. हे उघडण्याचे काम पेशीतील एक प्रथिन करते; त्यास ग्राही म्हणतात. ह्या ग्राहीस जणू दोन हात आहेत. एका हाताने तो जनुकाशेजारची ठराविक जागा धरतो व दुसऱ्या हाताने संप्रेरक झेलतो. संप्रेरक हाती आले की तो आपल्या जोडीदार प्रथिनासह जनुकास चालना देतो. फळमाशीतील हा ग्राही १९९१ मध्ये अमेरिकेतील हॉगनेस ह्यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला.

येथून एक अभिनव विचार पुढे आला. मनुष्याच्या शरीरात एक्डायसोन नाही आणि त्याचा ग्राहीही नाही. मग कीटकाचा ग्राही मनुष्याच्या किंवा उंदराच्या पेशीत बसविला, तर तेथे तो दुसऱ्या कोणाच्याही कामात ढवळाढवळ न करता केवळ आपण ठरविलेल्या जनुकाचे बटण होऊन राहील. औषध दिले की जनुक चालू, औषध थांबविले की बंद. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील एव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत हे करून दाखविले. पुढे ग्राहीच्या घडणीत आणखी फेरबदल करण्यात आले. उत्तर अमेरिकेतील वृक्षांची पाने खाणाऱ्या एका अळीच्या ग्राहीचा संप्रेरक झेलणारा भाग घेऊन तो किण्वातील प्रथिनाच्या जनुक पकडणाऱ्या भागास जोडण्यात आला, म्हणजे मनुष्याच्या स्वतःच्या जनुकांस त्याचा स्पर्शच होऊ नये. मेंदूतील दुर्धर कर्करोगाच्या रुग्णांवर अशा बटणाची प्राथमिक चाचणी झाली असून तिचा वृत्तान्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती जागविणारे एक प्रथिन गोळीच्या मात्रेनुसार कमीजास्त बनविता आले, आणि त्रास वाढल्यास गोळी बंद करताच तो ओसरला. हा काही रोगावरचा सिद्ध इलाज नव्हे. परंतु जे प्रथिन जास्त झाल्यास जीव घेईल, त्यास लगाम घालता येतो, हे त्यातून दिसले.

शेतकरी पालकांसही ह्या ज्ञानाचा उपयोग निरनिराळ्या मार्गांनी झालेला आहे. ह्याच ग्राहीस फसविणारी काही कीटकनाशके निघाली आहेत. ती अळीच्या पोटात गेली की अळीस अवेळीच कात टाकावीशी वाटते. ती खाणे सोडते आणि धड कात न टाकता मरते. मनुष्यास व गुराढोरांस तसला ग्राहीच नसल्यामुळे जुन्या जहाल विषांच्या मानाने ही औषधे सौम्य ठरतात; तथापि फवारणीची काळजी तेथेही सोडता कामा नये. आपल्या ओळखीचा निंबोळी अर्कही अळीची भूक मारतो, आणि शिवाय तिच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांची घडी विसकटतो. ह्याच्या उलट तुतीवर रेशीमकिडे पाळणारे शेतकरी एक्डायसोनसारखे वनस्पतिजन्य द्रव्य थोड्या प्रमाणात पाल्यावर शिंपडतात, म्हणजे सारे किडे एकाच वेळी परिपक्व होऊन कोश विणावयास लागतात. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने अशी एक सिद्धता संपूर्णा ह्या नावाने तयार केली आहे. कीटकाचा शत्रू व कीटकाचा पालक, दोघेही एकाच शोधाचे ऋणी आहेत.

कोपेच ह्यांस ह्यापैकी काहीही पाहावयास मिळाले नाही. त्यांच्या हयातीत त्यांच्या शोधास मोठे पारितोषिक लाभले नाही, आणि शेवट तर असा झाला. तरीही त्यांचे जीवन निष्फळ झाले असे कोण म्हणेल? ज्यांनी त्यांस मारिले त्यांच्या बंदुका गंजून गेल्या, त्यांचे राज्य चार वर्षांत धुळीस मिळाले. सुरवंटाभोवती बांधलेल्या त्या दोऱ्याने मात्र पुढे तीन खंडांतील शास्त्रज्ञांस एकत्र गुंफले. त्यात इंग्रज होते, जपानी होते, अमेरिकन होते आणि जर्मनही होते, ही गोष्ट विसरू नये. विद्येच्या राज्यात वैर चालत नाही.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रातून घेण्यासारखी एक गोष्ट अगदी हाताशी आहे. पावसाळ्यात रुईच्या पानावरील एक सुरवंट पानासकट घरी आणा, तोंडास जाळीदार फडके बांधलेल्या काचेच्या बरणीत ठेवा, आणि रोज ताजे पान घाला. त्यास इजा करू नका. केवळ वही घेऊन तारीख लिहा. आज किती खाल्ले, कात केव्हा टाकली, खाणे केव्हा थांबले, कोश कोणत्या दिवशी झाला, फुलपाखरू केव्हा बाहेर आले, हे सारे नोंदवा. नंतर दोघातिघांनी आपल्या वह्या ताडून पाहा. दिवस जुळतील, किंवा जुळणार नाहीत. जुळले नाहीत तर का, हा प्रश्न मनात येईल, आणि खऱ्या शास्त्राचा आरंभ तेथेच होतो. पालकांस एवढीच विनंती की, घरात अळी आणली म्हणून मुलांवर रागावू नये. त्या बरणीवर काही दिवस खिडकीतली एखादी जागा खर्ची पडेल, एवढेच.